पंचांच्या अंगणातला सामना

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कबड्डीचे जेवढे म्हणून पंच होते, त्या सगळ्यांच्या घरची कुत्री आमच्या सरांना ओळखत होती. सर फाटकाशी आले की ती भुंकत नसत, शेपूट हलवत. धावपळ व्हायची ती आत, पंचांची. कुणी मागच्या दाराने रानात सटकायचे, कुणी बायकोला सांगायचे, "म्हण, पुण्याला गेल्यात." एक पंच तर आंघोळीच्या निमित्ताने न्हाणीत शिरले ते पाणी संपलं तरी बाहेर येईनात. सर ओट्यावर मांडी घालून बसले होते. "होऊ द्या निवांत," ते वहिनींना म्हणाले, "मला कुठं जायचंय? रविवारच हाय."

सर आमच्या इंदापूरच्या कॉलेजात खेळाचे सर होते. मैदानावर पंचाला अवाक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. निर्णय कितीही उरफाटा येवो, सर हाताची घडी घालून उभे. आमच्यापैकी कुणी "ओ पंच!" म्हणून तोंड उघडलं तर ती मुलगी पुढच्या सामन्यात बाहेर. पण सामना झाल्यावर जो पहिला रविवार येई, त्या रविवारी सर एसटीने त्या पंचाच्या गावी जात. पिशवीत पेढ्यांचा पुडा, सुतळीचा गुंडा आणि मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की. पंचाच्या अंगणात ते सुतळी धरून रेघा मारत, घरातली माणसं खेळाडू म्हणून उभी करत आणि वादाची चढाई पुन्हा खेळायला लावत. मग विचारत, "आता सांगा. तवा काय दिसलं हुतं?" पंच बरोबर निघाला तर सर पेढा देत. चुकला तरी पेढा मिळेच. निकाल बदलून घ्यायचा नसे, तक्रार करायची नसे. नुसतं खरं काय झालं ते कळायला हवं, एवढंच. या एवढ्यापायी अर्धा तालुका त्यांना वेडा म्हणत होता.

दिसायला ते काही खेळातले वाटायचे नाहीत. किडकिडीत अंग, पुढे आलेले दात, आणि शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी खाली लोंबणारी. पहिली बाही दुमडता दुमडता काहीतरी बोलायला सुरुवात व्हायची आणि दुसरी राहूनच जायची. त्यांच्याकडे सायकल होती, पण सायकलवर बसलेले सर मी चार वर्षांत पाहिले नाहीत. बोलत असताना सायकल चालवू नये असं त्यांचं मत होतं, आणि बोलणं तर थांबत नव्हतं. त्यामुळे ती बिचारी सायकल इंदापूरभर हातानेच ढकलली जायची.

बोलणं म्हणजे तरी काय, तर चर्चा. बोनसच्या गुणासाठी कधी जावं, मोठ्या सामन्यात नवी मुलगी आधी उतरवावी की मागे ठेवावी, अशा गोष्टींवर ते कुणाशीही चर्चा करत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाचे ग्लास मांडून संघ उभा करत. सर उष्टा ग्लास उचलू देत नाहीत म्हणून हॉटेलवाला करवादायचा. सर म्हणायचे, "थांब, तो आपला उजवा कोपरा हाय." केस कापणाऱ्यापासून तहसीलदार कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ते मत विचारत आणि प्रत्येकाचं अगदी मान खाली घालून ऐकत. समोर कुणी नसलं तर दोन्ही बाजू एकटेच मांडत. ईदला आम्ही सगळ्या मुली त्यांच्याकडे शीरखुर्मा खायला जायचो. तेव्हा त्यांच्या बायकोने एकदा सांगितलं, "मला बघाय आल्ते, तवा हो म्हणावं का न्हाय, ह्यावर माझ्यासंगंच चर्चा केली ह्यांनी. मीच म्हणलं, म्हणा हो, लई येळ झाला." सर मान डोलावत म्हणाले, "तिचा मुद्दा बरोबर हुता."

मी संघात होते, कारण सातवी मुलगी मिळत नव्हती. हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं की रागसुद्धा आला नाही. "तुझे पाय मंद हायत," ते म्हणाले, "पण डोकं शाबूत ऱ्हातं. पाय नंतर बाद हुत्यात, अगोदर डोकं बाद हुतं." या एका वाक्यावर मी चार वर्षं खेळले.

आमचा खरा खेळ म्हणजे मंदा. वस्तीवरून सकाळी धारा काढून यायची, केसांना तेल चोपडून घट्ट वेणी, आणि चढाईला निघाली की समोरच्या सातजणी आपोआप दोन पावलं मागे सरकत. तिचे वडील, आबा, सरळ माणूस होते. पोरीच्या खेळाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. पण खेळाचं पुढे काय होतं ते त्यांना कुणी दाखवलंही नव्हतं. बारामतीची एमआयडीसी तेव्हा नुकती भरू लागली होती. तिथल्या एका दुधाच्या कारखान्यात पिशव्या भरायच्या कामाला मुली घेत होते, आणि आबांच्या ओळखीचे एक साहेब तिथे होते. आबांनी सरांना स्पष्टच सांगितलं, "ह्या साली इद्यापीठाच्या संघात घेतलं तर शिकंल, खेळंल. न्हाय घेतलं तर एक तारखेपास्नं कामाला. नुसतं पळून काय करायचं, सर?"

सरांनी या प्रश्नावर मात्र चर्चा केली नाही. "बघू," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी हॉटेलात ग्लास न मांडताच चहा पिऊन गेले.

निवड करणारे लोक बारामतीच्या सामन्याला येणार होते. बारामतीचं कॉलेज आणि आम्ही, हे वैर कधीपासूनचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं आधी बारामतीला जातं आणि उरलंसुरलं इंदापूरला येतं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. त्यात त्यांच्या मुलींना एकसारखे नवे निळे गणवेश, आणि आमच्यात तिघींच्या पाठीवरचे आकडे घरी शिवलेले. गेली कित्येक वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरत होतो. त्या वर्षी मात्र मंदा होती, म्हणून प्राचार्य स्वतः जीपने आले, पुढच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी हार आधीच आणून ठेवला होता.

उत्तरार्धात आम्ही दहा गुणांनी पुढे होतो. मग मंदा पकडली गेली आणि आमची दाणादाण उडाली. एकेक करत सगळ्या बाद. मैदानात उरले मी एकटी, आघाडी उरली चार गुणांची, आणि सामना संपायला अजून चार-पाच मिनिटं. प्राचार्य खुर्चीतून उठून ओरडत होते, "वेळ काढ! नुसता वेळ काढ!" आमच्याकडून आलेली सगळी माणसं तेच ओरडत होती. मलाही तेच बरोबर वाटत होतं. जाऊन यायचं, रिकामं परतायचं, चार गुण सांभाळायचे.

तेवढ्यात सर रेघेशी आले. "पोरी," ते हळू म्हणाले, "आता चढाईला जा आन् बाद होऊन ये."

मला वाटलं सर थट्टा करतायत.

"चार मिनिटं तू एकटी वाचत न्हाईस. तुझा अपमान करत न्हाय, पण खरं हाय."

"व्हय, सर."

"शेवटाला बाद झालीस तर लोण पडंल आन् ते फेडाय येळ उरायचा न्हाय. आत्ता झालीस तर मंदा आत यील. आता ह्याची उलट बाजू अशी हाय, की..."

"सर, पंच शिट्टी मारायलेत!"

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळा संघ बाद झाला की समोरच्याला दोन गुण जादा मिळतात, त्याला लोण म्हणतात. पण लोण पडलं की बाद झालेल्या सातही जणी पुन्हा मैदानात येतात. म्हणजे मी बाद झाले की बारामतीला एकदम तीन गुण, आमची आघाडी चारावरून एकावर. पण मंदा आत. लोण टाळण्यासाठी संघ जीव टाकतात, आणि आमचे सर ते मागून घ्यायला सांगत होते.

मी गेले. सरळ आत घुसले, तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच ठेवलं, आणि त्यांच्या दोघींनी मला अशी उचलून आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठले तेव्हा आमच्याच लोकांतून आरडाओरडा चालला होता, "विकला गेला! मास्तर विकला गेला!" प्राचार्यांनी हार खुर्चीखाली सरकवला. सर एक बाही वर, एक खाली, हाताची घडी घालून उभे. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी, कुणी त्यांना दगड मारला तर मी आडवी होईन असंही वाटत होतं.

मंदा आत आली आणि पुढची चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ती एक आणायची, त्या कधी एक, कधी दोन न्यायच्या. निवडीला आलेल्या दोघांपैकी एकजण तर मांडीवरचा कागद खाली पडला तरी उचलायला वाकला नाही. शेवटची चढाई आमची, आणि आम्ही एका गुणाने मागे. मंदा गेली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली, वळली, आणि चौघींनी तिला धरलं. एकीने कंबर, एकीने घोटा, दोघी पाठीवर. तशीच ती सरपटत निघाली. तोंडात कबड्डी चालू. मध्यरेषेला तिचं बोट जरी लागलं असतं तरी सामना आमचा होता. पंच कोऱ्हाळे बुद्रुकचे एक वयस्क गुरुजी होते. ते पांढऱ्या कपड्यांनिशी मातीत पालथे झोपले आणि रेघेला गाल लावून बघू लागले. मग उठले आणि हात बारामतीच्या बाजूला केला.

पुढे जे झालं त्याला गोंधळ हा शब्द कमी आहे. आमची माणसं पंचांकडे धावली, त्यांची माणसं आमच्या माणसांकडे. पायांनी रेघ पार पुसली गेली, त्यामुळे जो तो आपल्याला सोयीची रेघ दाखवत होता. प्राचार्य सरांवर ओरडले, "अहो, हरकत नोंदवा! बघताय काय?"

"रविवारी," सर म्हणाले.

मंदा रडत रडत बोटं पुढे करत होती, "सर, बघा, फक्की लागलीया बोटाला!"

सरांनी बोटं नीट बघितली. "तुझ्या येणीलाबी लागलीया, बाळ," ते म्हणाले आणि आपला रुमाल तिला दिला.

परतीच्या एसटीत कंडक्टरसकट सगळी गाडी भांडत होती. अर्धी गाडी म्हणत होती, लोण घेतलं म्हणून हरलो. अर्धी म्हणत होती, लोण घेतलं म्हणून शेवटपर्यंत टिकलो. कंडक्टर घंटीची दोरी ओढायलाच विसरला आणि दोन प्रवाशांची गावं मागे पडली. सर दोन्ही बाजूंच्या लोकांना म्हणत होते, "तुमचंबी बरोबर हाय." निवडीची नावं दुसऱ्या दिवशी कळली. सगळी जिंकलेल्या संघातली होती.

रविवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले. सरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तिथे आबा आणि मंदाही उभी. आबांनी धुतलेलं धोतर, कडक टोपी. बारामतीला त्या साहेबांच्या घरी जाऊन कामाचं पक्कं करायचं होतं. मंदा खाली बघत होती. सर पिशवी घेऊन पुढे झाले.

"आबा, बारामतीवरनं पुढं कोऱ्हाळ्याला एक चक्कर मारू. घडीभराचं काम हाय. सायब काय, दुपारीबी घरीच असत्याल."

"झाल्या सामन्याचं आता काय करायचं, सर?"

"रेघेचा वाद हाय. बोट रेघंला लागलं का न्हाय, एवढंच बघायचं."

रेघेचा वाद म्हटल्यावर आबा थांबले. बांधावरून दोन पिढ्यांची भांडणं बघितलेला माणूस. रेघ कुणी सरकवली, खूण कुठे होती, हे त्यांना कबड्डीपेक्षा कितीतरी चांगलं कळत होतं. "मंग बघायच पायजे," ते म्हणाले.

कोऱ्हाळ्यात गुरुजींचं घर उसाच्या कडेला होतं. आम्हाला बघून गुरुजींनी मागच्या बाजूला नजर टाकली, पण उसाला पाणी सोडलेलं, जायला वाट नव्हती. "या, सर," ते म्हणाले, "मला वाटलंच हुतं." सरांनी पेढे दिले, सुतळी ताणली, अंगणात मध्यरेषा मारली. आबांनी त्यांच्या मागोमाग जाऊन रेघ सरळ आहे का ते एक डोळा मिटून तपासलं.

आता पकड करायला चौघी हव्यात. गुरुजींच्या दोन सुनांनी हसत पदर खोचले. तिसरी मी. परक्या बाप्यांना पोरीला धरायला लावणं सरांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "आबा, तुमी कंबर धरा."

"मी?"

"बाप हाय तुमी. तुमाला कोण नाव ठिवणार?"

आबांनी टोपी काढून तुळशीकट्ट्यावर ठेवली. जवानीत तालमीत घुमलेला माणूस, खांदे अजून तसेच होते. मंदा आत गेली, मला शिवली, वळली, आणि आम्ही चौघांनी तिला धरलं. ती पडली आणि जागीच थांबली. बापाच्या हातात ओढ घ्यायला ती धजावत नव्हती.

"आबा, ढिलं धरू नगा," गुरुजी ओरडले. "तितं त्या पोरींनी जीव लावून धरलं हुतं!"

"ढिलं कुठं धरलंय!" आबा म्हणाले, आणि मंदाला म्हणाले, "हिसका दे की गं! बघतीस काय?"

मंदाने श्वास घेतला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पहिल्या हिसक्याला गुरुजींची धाकटी सून सुटून मातीत बसली आणि पोट धरून हसू लागली. दुसऱ्याला मी गेले. थोरली सून घोट्याला लोंबकळत होती, आणि कंबरेला आबा, दात ओठांवर रोवून, मानेच्या शिरा ताठ. मंदा कोपरांवर सरकत होती. आबांचं धोतर मातीत फरफटत होतं. गुरुजी घरच्या कपड्यांत पुन्हा पालथे झोपले. मंदाचा हात रेघेवर पडला आणि रेघेच्या पलीकडे वीतभर गेला, तरी ती थांबली नाही. आबांसकट सगळी वरात पलीकडे नेली, मगच तिचा आवाज बंद झाला.

गुरुजी उठले, धूळ झटकली नाही. "आज पोचली," ते म्हणाले. "त्या दिवशी न्हाय पोचली. बोटभर मागं हुती, सर. शपथ घेऊन सांगतो."

आम्ही सरांकडे बघितलं. उलट बाजू येणार, याची आम्हाला खात्री होती. सर रेघेकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मान्य." मग लगेच गुरुजींशेजारी ओट्यावर बसून विचारू लागले, "आता त्या लोणाचं बोला. तुमी माझ्या जागी असता तर?" गुरुजी म्हणाले की त्यांनी असली जोखीम जन्मात घेतली नसती. सर इतके खूश झाले की त्यांनी मुद्दे मांडायला पेढेच ओळीने मांडले.

आबा अजून मातीतच बसले होते. आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होते. मंदा घाबरून जवळ गेली, "लागलं का ओ, आबा?"

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, मी ढिलं धरलं हुतं का?"

"न्हाय, आबा. मी बघत हुतो. बैल थांबला असता."

आबांनी तळहातांची माती धोतराला पुसली. मग उठले, टोपी घेतली, ती झटकून डोक्यावर बसवली. "पुढची निवड कदी असती, सर?" त्यांनी विचारलं.

सर पेढ्यांतून डोकं वर न काढता म्हणाले, "आता पुढल्या साली."

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत आलं होतं. स्टँडवर नीरेकडून येणारी गाडी लागली. मंदाने हळूच विचारलं, "आबा, बारामतीला उतरायचंय न्हवं? सायब वाट बघत असत्याल."

आबा गाडीत चढले, खिडकीपाशी बसले आणि कंडक्टरकडे चार बोटं करून म्हणाले, "चार द्या. समदी इंदापूर."